लातूरच्या समुद्रकिनाऱ्यावर हाउसफुल्ल

चहा आधी संपवा. ऐकताना कप हातात राहिला तर हसताना सांडेल, आणि आमच्या लातुरात पातळ पदार्थ सांडलेला कुणाला सहन होत नाही.

तर मंडळी, मी एका अख्ख्या व्यावसायिक खेळाचं दिवाळं काढायला निघालो होतो. एकट्यानं! एका सकाळीत! खेळ कुठला? बीच व्हॉलीबॉल. हो हो, समुद्रकिनाऱ्यावरचा. लातूरला. हसू नका, माझी चूक अजून सुरूही झालेली नाही.

रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. लोक नळाकडं, लांब गेलेल्या नातेवाइकाच्या फोटोकडं बघावं तसं बघायचे. अशा दिवसांत कोकणातून साळवी नावाचे गृहस्थ आपली लीग घेऊन आमच्या गावात उतरले. दोन-दोन खेळाडूंचे संघ, गावोगाव फिरणारी स्पर्धा. समुद्राकाठचा माणूस मांजरेच्या कोरड्या पात्राकाठी कशाला आला, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं.

"काका, समुद्राला कुंपण घालता येत नाही," साळवी म्हणाले. "लोक भेळ खात फुकट बघतात आणि आपल्याच नेटला टेकून फोटो काढतात. तिकीट कोण घेणार? टीव्हीवाले म्हणतात, आधी गर्दी दाखवा. जाहिरातवाले म्हणतात, आधी टीव्ही दाखवा. आणि गर्दी विचारते, कोण मोठं येणार आहे?"

"मग?"

"मग म्हटलं, वाळू आहे, समुद्र नाही आणि भोवती भिंत आहे, असं मैदान शोधू."

वाळू आहे आणि पाणी नाही! आमच्या जिल्ह्याचं एवढं नेमकं वर्णन मी सरकारी कागदातही वाचलं नव्हतं. माणूस मला आवडला.

त्यांना माझ्याकडं पाठवलं होतं मनीषानं. मनीषा म्हणजे माझ्या ऑफिसातल्या गायकवाडची मुलगी. रेणापूरजवळच्या गावात शाळेच्या मैदानावर पोरांत खेळून तयार झालेली आणि आता या लीगमधली पगारी खेळाडू. पगारी म्हणायचं एवढंच. पगार आमच्या नळासारखा, आला की अख्ख्या गल्लीला कळायचं. गायकवाडनं तिला शेवटचं सांगून ठेवलं होतं, ही लीग बसली की तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं. पुस्तकंसुद्धा आणून ठेवली होती.

आणि लीग बसायच्या बेतात होतीच. साळवींच्या हातात एकच आशा उरली होती, लीगला पैसे लावू शकणारे उदगीरचे आप्पा. घागरी, पिंप आणि पाण्याच्या टाक्यांचे मोठे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात कार्ड, आणि कार्डावर ठळक अक्षरांत 'जिल्हा उदगीर'. मी एकदा म्हटलं, "आप्पा, उदगीर अजून जिल्हा कुठं झालाय?" तर म्हणाले, "सरकारला उशीर होऊन राहिला, म्हून मी कार्ड छापायचं थांबू का?"

दुष्काळात धंदा तेजीत असलेला आमच्याकडचा हा एकमेव माणूस. त्यांनी साळवींना सांगितलं होतं, "गर्दी बगतो, मग बोलतो." गर्दी झाली तर लीग जगणार. नाही झाली तर लातूरहूनच सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं, मनीषानं तलाठ्याच्या पुस्तकांकडं.

आणि ती गर्दी जमवायचं, म्हणजे तिकिटं विकायचं काम कुणाकडं? माझ्याकडं.

आता माझी लायकी सांगतो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीला लागलो. टेबलं आली होती, खुर्च्या उस्मानाबादहून यायच्या होत्या, त्यामुळं पहिल्या फायली मी उभ्यानं लिहिल्या. नंतरची बरीचशी नोकरी टँकर शाखेत गेली. किती दुष्काळ आले, किती साहेब आले, मी निवृत्त होईपर्यंत तिथंच. परिणाम असा झालाय, की कुठंही रांग दिसली की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जातो. मुलाच्या लग्नात जेवणाच्या रांगेला मी नंबर देऊ लागलो, तेव्हा बायकोनं मला मंडपाबाहेर नेऊन बसवलं होतं.

बायको ओळखून होती. साळवी नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी तिकिटांची पुस्तकं काखेत मारून मैदानावर पोचलो. वाळू चाळून पसरलेली, मधोमध नेट, बाजूला बांबूचे स्टँड. ती वाळू दुपारी इतकी तापायची की पापड भाजावेत. म्हणून सामन्याआधी तिच्यावर पाणी मारणं भाग होतं. पिण्याचं नव्हे हो! शेतातल्या बोअरचं मचूळ पाणी, तोंडात धरवत नाही असलं. त्याचा टँकर साळवींनी सांगून ठेवला होता.

टँकर आला. गेटातून आत शिरला. आणि मी पेन शोधायला मान खाली घातली, ती वर करतो तो समोर रांग!

बायका कुठून आल्या, कधी आल्या, आजही सांगता येणार नाही. त्या साली लातुरात टँकर उभा राहिला आणि शेजारी हातात पुस्तकं घेतलेला चष्मेवाला म्हातारा दिसला, की त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. सगळ्यात पुढं कौसाबाई. गल्लीची पुढारी, आवाज पोलीस गाडीला बसवावा असा.

"भाऊसाहेब, घरटी किती घागरी?"

"बाई, हे वाळूवर मारायचं पाणी आहे."

"वाळूवर?" त्यांनी मागं वळून रांगेला कळवलं, "ऐकलाव का गं! वाळूला तहान लागलीय म्हनं!"

"पिण्यालायक नाही हो, मचूळ आहे."

"भांडी घासायला लागतंय, भाऊसाहेब. भांडी काय तोंड वाकडं करनार हायती का?"

तेवढ्यात मागून ढकलाढकली सुरू झाली, दोघी भांडल्या, एकीची घागर दुसरीच्या डोक्याला लागली. आणि माझ्यातला टँकर शाखेचा कारकून ताडकन जागा झाला.

"ए, रांग मोडायची नाही! माणशी एक घागर! टोकन घेतल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही!"

टोकन कुठं होती? काखेत! क्रमांक छापलेली, शिवलेली, फाडायला सोपी. मी घरातली माणसं विचारून टराटरा फाडायला लागलो. काय सांगू, इतक्या शिस्तीचं वाटप माझ्या हातून नोकरीतही झालं नव्हतं. टँकर आणि तिकिटांची पुस्तकं एकाच वेळी संपली. शेवटच्या बाईनं मला आशीर्वाद दिला. मी घाम पुसत, स्वतःवर भलताच खूश होऊन सावलीत टेकलो.

आणि मग माझं लक्ष हातातल्या रिकाम्या पुठ्ठ्यांकडं गेलं.

तेवढ्यात साळवी आले. "काका, तिकिटं कुठवर आली?"

"संपली," मी खरं तेच सांगितलं. पुढचं वाक्य मी जुळवत होतो, पण त्याआधी त्या माणसानं मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी! त्या दिवसांत तेही जपून वापरत होतो आम्ही. लगेच आप्पांना फोन. "आप्पा, हाउसफुल्ल! एक तिकीट शिल्लक नाही!"

मी पुठ्ठे पाठीमागं लपवले. साहेब खुशीत असताना अडचणीची फाईल पुढं सरकवायची नाही, हे रक्तातच भिनलंय.

दुपारी मनीषा सरावाला आली. वाळूवर पाय ठेवला आणि बेडकासारखी उडून बाहेर पडली. "काका! पाणी मारलं नाही?"

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सगळं. तिनं माझ्या हातातले रिकामे पुठ्ठे उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे पाणी वाटलं आणि तिकिटंही वाटली?"

"हो."

"आणि पैसे?"

"टोकनला पैसे घेत नाहीत गं."

"मग संध्याकाळी बघायला कोण येणार काका? मोकळ्या बांबूंसमोर खेळायचं का आम्ही? बाबा तर पुस्तकं घेऊनच बसलेत."

तिनं उसासा टाकला आणि पायात मोजे चढवायला लागली. एकावर एक, दोन जोड. मी माझेही काढून दिले.

आता गंमत ऐका. त्या तिकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, सायंकाळी पाच वाजता. टोकनवर वेळ छापलेली असली तर टँकर शाखेच्या भाषेत त्याचा अर्थ एकच होतो, दुसरी खेप! पाचच्या आधीच गेटावर अख्खी गल्ली हजर. बायका, नवरे, सासवा, पोरंसोरं. प्रत्येकाच्या काखेत रिकामी घागर आणि हातात टोकन. गेटवरच्या माणसानं तिकिटं बघितली आणि सगळ्यांना आदरानं स्टँडवर बसवलं. बांबू करकरायला लागले. आप्पा गाडीतून उतरले आणि जागीच उभे राहिले. साळवी तर हवेतच होते.

घामानं निथळत असलेला माणूस मी एकटाच.

कौसाबाईंनी वरूनच मला हेरलं. "भाऊसाहेब! टँकर कुठाय?"

मी आभाळाकडं बोट दाखवलं. का दाखवलं, मला माहीत नाही. सगळं स्टँड आभाळाकडं बघायला लागलं. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सामना सुरू झाला.

"फसवलं गं!" कौसाबाई गरजल्या आणि घागर बडवायला लागल्या. दुसरीनं बडवली, तिसरीनं बडवली. शेकडो रिकाम्या घागरींचा दणदणाट! मी पळायची वाट शोधत होतो, आणि आप्पा साळवींना सांगत होते, "पब्लिक लई तापलंय वो! असला जोश क्रिकेटला बी नसतो!"

चौथ्या की पाचव्या गुणाला मनीषानं चेंडूसाठी वाळूत सूर मारला. तापलेल्या वाळूत, आडवी, पूर्ण लांब! चेंडू उचलला, उठली, केसांतली वाळू झटकली आणि परत जागेवर.

कौसाबाईंचा हात थांबला. "कुनाची गं पोर?"

"रेनापूरच्या गायकवाडाची म्हनं."

"आपलीच की! भाजल की गं बाई! मग ती पलीकडची काय बगून ऱ्हायली? हाण तिला!"

आणि घागरी पुन्हा वाजल्या. यावेळी ताल होता. मनीषाच्या गुणाला बडवायच्या, समोरच्यांच्या गुणाला अख्खं स्टँड चिडीचूप. पंचानं एक चेंडू बाहेर दिला, तर एक आजी घागर घेऊन त्याच्याशी बोलायला खाली उतरत होत्या. लोकांनी धरल्या. मनीषा आणि तिची जोडीदार शेवटी थोडक्यात हरल्या, पण बायका मनीषाला वाळूतून बाहेर पडू देईनात. जिंकलेल्या दोघी कुणी बोलावलंच नाही म्हणून एका बाजूला उभ्या.

मग आली ती घटका. आप्पांच्या देखत साळवी म्हणाले, "काका, गल्ला आणा."

"गल्ला सकाळीच घरोघरी गेलाय," मी म्हणालो. "घागरींतून."

आणि सांगितलं सगळं. साळवी मटकन वाळूत बसले आणि भाजलं म्हणून लगेच उठले. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता घाम फुटून कपाळावरचं भस्म ओघळलं.

"साळवीसाहेब, इतकी वर्सं भिंती रंगवून ऱ्हायलो जाहिरातीला. भिंतीनं कधी टाळी वाजवली न्हाई. आज माझ्याच घागरी, माझंच गिऱ्हाईक, माझ्यासमोर ताल धरून बसलं! यंदाचा खर्च माझा. फुडं नांदेडला सामने घ्याल त्याचा बी. फुडच्या साली बी या." मग गोदामाला फोन लावून त्यांनी बायकांसाठी खराखुरा टँकर मागवला. "पन एक अट. गेटावर ही बाई पायजे, जिनं पैली घागर बडवली ती."

कौसाबाईंनी तिथल्या तिथं पगार ठरवून घेतला. गायकवाडनं तलाठ्याची पुस्तकं शेजारच्या मुलाला देऊन टाकली. नाराजीनं दिली, पण दिली.

पुढच्या उन्हाळ्यात लीग पुन्हा आली. मधे पाऊस चांगला झालेला, घागरी घरी राहिल्या, आणि तिकिटं खिडकीवर विकली गेली. पैसे घेऊन, होय. मी इस्त्रीचा शर्ट घालून, या खेळाच्या जीर्णोद्धारकर्त्याच्या थाटात गेटावर गेलो. कौसाबाई टोपी घालून, शिट्टी अडकवून उभ्या. हात आडवा केला.

"तिकीट?"

"अहो कौसाबाई! मला ओळखलं नाही का?"

"वळकलं की, भाऊसाहेब," त्या हात जराही न हलवता म्हणाल्या. "वळकलं म्हणूनच मागायले."