ट्रॅक्टरचा नव्हे, साच्याचा

आमच्या लालबागच्या चाळीमागे पाण्याची नवी लाइन टाकायला खणत होते. पूर्वी तिथे गिरणीचं आवार होतं. कमरेइतक्या खड्ड्यातून लोखंडाचे चार-पाच दांडे निघाले, गंजलेले, चिखलाने माखलेले. खणणाऱ्यांचा मुकादम विदर्भाकडचा. त्याने एक दांडा धुतला, वरच्या खाचा बघितल्या आणि मला म्हणाला, "ताई, हा ट्रॅक्टरचा शाफ्ट. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे."

लालबागात ट्रॅक्टर कुठून येणार? माझी आई याच गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, म्हणून हात धरून तिला खाली आणलं. ती पायरीवर बसली, चष्मा कपाळावर सारला आणि दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"ट्रॅक्टरचो न्हय रे," ती मुकादमाला म्हणाली. "ह्या खाचा बघ किती बारीक. थोड्या खाचा, मग गुळगुळीत, परत खाचा. साच्याचा रोलर हा." सूत कातायच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणत.

मुकादमाने वाकून पाहिलं. "खरंय मावशी. आमच्या शाफ्टला जाड दात असतात."

मी विचारलं, "तू वाइंडिंगला होतीस. साच्यातलं तुला काय माहीत?"

"तुझे बाबा साच्यावर होते ना. सफाईला मशीन उघडलं की मला दाखवायचे. मागचा रोलर हळू फिरतो, पुढचा जोरात. म्हणून कापूस ताणला जातो, बारीक होतो." तिचा अंगठा परत खाचांवरून फिरला. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी मी रोज विचारायची, परत सांगा म्हणून."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात ते मोजकंच बोलत. कुणाला तरी तीच गोष्ट रोज समजावून सांगणारे बाबा माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

"पण तुमचं लग्न तर मामांनी जुळवलं," मी म्हटलं.

"मामांनीच. त्यांच्या कानावर स्थळ कोणी घातलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मुकादमाने विचारलं, "मावशी, ठेवायचा का हा?"

"नको. कुठे ठेवू? ने भंगारात," असं म्हणाली खरी, पण त्याने उचलेपर्यंत हात काढला नाही.

जिना चढताना ती दर मजल्यावर दम खायला थांबली. थांबली की बाबांचं काही ना काही सांगायची. मी घाई केली नाही.