बजरंगरावांचा गुलाबी पोलो

हडपसरची शेती बिल्डरला देऊन बजरंगराव आणि शकूवहिनी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली. त्यांचं दार माझ्या दारासमोर. मुलगा इंद्रजीत बंगळुरूला. बजरंगरावांना माणसांची सवय. एकट्याने चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही. म्हणून ते सकाळी टेकडीवर आमच्या ग्रुपमध्ये येऊ लागले. आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी. ते यायचे पांढरा शर्ट, पांढरी विजार घालून.

"निवडणूक जवळ आलीय का हो?" यज्ञेश्वरने पहिल्याच दिवशी विचारलं. तो बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेला, आणि आमच्यात शेवटचा शब्द त्याचा. आम्ही हसलो. बजरंगरावही हसले, आणि चार दिवसांनी आडव्या पट्ट्यांचा पोलो टी-शर्ट घालून आले.

"पोटावर आडवे पट्टे? भूगोलाच्या तासाला पृथ्वीच्या गोलावर असतात तसे दिसताहेत," यज्ञेश्वर म्हणाला.

बजरंगराव चिडले नाहीत. "मग तुमीच शिकवा की साहेब. आमाला काय ठावं हाय यातलं?"

यज्ञेश्वरने शिकवलं, अगदी मन लावून. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, बाही दंडाच्या मध्यावर. फिरायला घाम टिपणारं पातळ कापड. सोसायटीच्या सभेला गडद निळा, तोही खोचून आणि पट्टा लावून. कुणाकडे जेवायला हलका रंग, वरचं एकच बटण उघडं. कॉलर उभी करायची नाही, खिशात मोबाईल कोंबायचा नाही. शकूवहिनींनी कपाटात प्रसंगाप्रमाणे वेगळे थर लावले होते. तरी काहीतरी चुकायचंच, आणि मग सगळ्यांसमोर उलटतपासणी व्हायची.

आनंद तेवढा कधी टोचून बोलला नाही. उतरताना तो बजरंगरावांच्या बरोबरीने चालायचा, हडपसरच्या जुन्या गोष्टी विचारायचा. "एक आनंदराव तेवढा मानूस हाय," बजरंगराव मला म्हणायचे.

यंदा फेब्रुवारीत आनंद झोपेतच गेला. शोकसभा ठरली. काय घालू, असं बजरंगरावांनी विचारलं.

"गुलाबी पोलो," यज्ञेश्वर गंभीरपणे म्हणाला. "आनंदची इच्छा होती. माझ्यामागे रडके कपडे नकोत, म्हणायचा. आपण सगळेच गुलाबी घालणार आहोत."

आम्ही चौघं तिथे होतो. कुणी बोललं नाही. मला वाटलं, निघताना खरं सांगेल. मग वाटलं, संध्याकाळी फोन करेल. समोरचं दार मी वाजवलं नाही.

"अवो, असल्या कामाला गुलाबी घालत्यात व्हय?" शकूवहिनींनी घरी विचारलं होतं.

"तुला काय कळतंय? इस्त्री कर."

हॉलमध्ये झाडून सगळे पांढऱ्यात. बजरंगराव दारातच थबकले. आनंदची सून स्पृहा रुमाल तोंडावर धरून बाहेर गेली. तिचे खांदे हलत होते, आणि ते रडणं नव्हतं.

"बारसं वरच्या मजल्यावर," यज्ञेश्वर हळूच म्हणाला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

निघून गेले असते तर बरं झालं असतं. पण ते फोटोला फुलं वाहून शेवटच्या रांगेत तासभर बसले. निघताना आनंदच्या बायकोसमोर, मंदाकिनीवहिनींसमोर, हात जोडून म्हणाले, "वहिनी, मला सांगितलं हुतं..."

"अहो, चेष्टा कळत नाही का तुम्हाला?" यज्ञेश्वर म्हणाला.

घरी सगळा राग शकूवहिनींवर निघाला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तेच बजरंगरावांना सोसेना. आठ दिवस त्यांनी वहिनींच्या हातचं खाल्लं नाही. बाहेरून डबा मागवला. कडीला अडकवलेला तो डबा मला रोज दिसायचा.

नवव्या दिवशी शकूवहिनी एकट्याच मंदाकिनीवहिनींकडे माफी मागायला गेल्या.

"मनाला लावून घेऊ नका हो," मंदाकिनीवहिनी म्हणाल्या. "उलट तुमच्या यजमानांमुळे यांची फार करमणूक व्हायची. टेकडीवरून आले की नक्कल करून दाखवायचे. स्पृहा हसून हसून लोळायची." आणि बोलता बोलता त्यांनी ती नक्कल करूनही दाखवली.

हे नवऱ्याला सांगायचं नाही, असं ठरवूनच शकूवहिनी परतल्या. पण त्यांनी चप्पल काढायच्या आत बजरंगराव म्हणाले, "आलीस नाक घासून? आनंदराव असते तर माझी अशी फजिती हू दिली नसती. घरच्या मानसाला मातर अक्कल नाय."

मग वहिनींनी सगळं सांगितलं.

बजरंगराव खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कशी करायचे नक्कल?"

वहिनींनी पोटावरचा पदर दोन्ही हातांनी खाली ओढला, मान तिरकी केली आणि ओशाळं हसत म्हणाल्या, "साहेब, आता तरी बरं दिसतंय का?"

"मला हुबेहूब जमली बघा," माझ्या बायकोला सांगताना त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं बघतेय त्येंना."

बजरंगराव पुन्हा टेकडीवर आले नाहीत. गच्चीवर एकटेच फेऱ्या मारतात, बनियनवर. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. परवा यज्ञेश्वरने विचारलं, "तुमचे शेजारी दिसत नाहीत?"

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हणालो.