आबांची ड्यूटी

संध्याकाळ झाली की माझे सासरे माझ्या खोलीच्या दारात उभे राहून तोंडाने भोंगा वाजवायचे. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून, छाती भरून श्वास घेऊन, हुबेहूब साखर कारखान्याचा भोंगा. सुरुवात खर्जात, मग चढत चढत वर, आणि शेवटी विरत जाणारा. पहिल्यांदा त्यांनी तो वाजवला तेव्हा माझी मीटिंग अजून संपली नव्हती आणि माइकही चालू होता. पुण्याच्या ऑफिसातले सगळे एकदम गप्प झाले. "तुमच्याकडे आग वगैरे लागलीय का?" आमच्या मॅनेजरबाईंनी काळजीने विचारलं. मी म्हटलं, "नाही मॅडम, माझे सासरे आहेत. सुट्टी झाली असं सांगतायत."

आबांचं उभं आयुष्य साखर कारखान्यात बॉयलरवर गेलं. मूळ घर कुरुंदवाडचं. निवृत्त झाले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि ते कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आले. संदीप, म्हणजे माझा नवरा, कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे. पहाटे अंधारातच त्याची बस यायची. मी लग्नाआधीपासून पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून तर कोल्हापुरात संसार मांडता आला. माझ्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. घर सांभाळून नोकरी, ना प्रवास ना धावपळ. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

पण घरात बसलेल्या बाईची नोकरी कुणाला दिसत नाही. गॅसवाला आला की दार मी उघडायचं, शेजारच्या काकींचं कुरियर मी घ्यायचं, पाण्याची मोटर मी बंद करायची. एकीकडे कानाला हेडफोन आणि दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत मी बोलत असायचे. दिवसाचं राहिलेलं काम संध्याकाळी करायचे, संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा, आणि आमची लेक राधा पेंगत पेंगत जेवायची. नातेवाईक तर हक्काने यायचे. "घरीच असतीस की तू, म्हणून आलो," असं म्हणत चप्पल काढायचे.

एकदा संदीपची मावशी लग्नाची पत्रिका घेऊन आली. त्याच वेळी माझं एका मोठ्या ग्राहकाशी बोलणं चालू होतं. मी मावशींना बसवलं, चहा टाकला, पुन्हा खोलीत पळाले, तर तिकडे दूध उतू गेलं. ते पुसेपर्यंत ग्राहकाने तीनदा हॅलो हॅलो करून फोन ठेवला होता. या सगळ्यात राधाला शाळेतून आणायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा शाळेच्या पायरीवर ती एकटीच दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. तेच मला जास्त लागलं.

घरी आल्या आल्या मी संदीपला म्हटलं, "मी नोकरी सोडते."

तो थकून आला होता. "तुझं तू ठरीव," एवढंच म्हणाला. आबा पलीकडे बाजेवर बसून राधाचे बूट काढत होते. त्यांनी मान वर केली.

"पोरी, तुझी ड्यूटी कवा लागती आणि कवा सुटती?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचार केला आणि म्हटलं, "लागते कधीही, आबा. सुटत नाही."

"मग ती ड्यूटी न्हवं, शिक्षा हाय." त्यांनी बूट कोपऱ्यात ठेवले. "नोकरी सोडायची न्हाय. उद्यापास्नं स्वयंपाकघर माझ्याकडं, पोरगी माझ्याकडं, दारपण माझ्याकडं. तू तुझं यंत्र बघ. सांजच्याला ड्यूटी सुटल्याचा भोंगा मी वाजवीन."

संदीपला हसू आलं. आबांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने चहासुद्धा केलेला नव्हता. सासूबाई आजारी असताना ते बिस्किटं खाऊन राहिले होते म्हणे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. भाकरी थापताना कडा फाटत होत्या, तव्यावर टाकताना दुमडत होत्या. संदीपच्या डब्यात त्या दिवशी भाकरीचे तुकडेच गेले. आबा रोज थापत राहिले. तवा जास्त तापला की खाली वाकून ज्योत निरखायचे, जणू बॉयलरच बघतायत. दिवाळी जवळ आली तोवर त्यांची भाकरी चक्क फुगायला लागली होती. पहिली टम्म फुगलेली भाकरी त्यांनी राधाला, मला आणि खिडकीतून शेजारच्या काकींनाही दाखवली.

काकींनी मात्र ही संधी सोडली नाही. "काय बाई काळ आला! सून खुर्चीत बसतीया आणि सासरा भाकऱ्या थापतोय!"

आबा खिडकीतूनच मोठ्याने म्हणाले, "काकी, जलमभर आगीपाशीच उभा हुतो की. तवा कोण काय बोललं न्हाय. आता घरच्या आगीपाशी हाय, तर तुमास्नी चटका का बसतोय?"

पाहुण्यांचंही तेच. आबा बाहेरच्या सोप्यातच सगळ्यांना अडवायचे. "पावणं, बसा. सून ड्यूटीवर हाय. चहा मी करतो." संदीपची मावशी पुन्हा आली तेव्हा तिला हे अपमानास्पद वाटलं. ती चहा न घेताच उठली. आबा तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "रुसली. येईल पुढच्या लग्नाला." आणि ती खरंच आली. तेव्हा येण्याआधी तिने फोन करून विचारलं.

आबांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. एकदा आमचं चांगलंच वाजलं. राधा अंगणातल्या कट्ट्यावरून पडली आणि तिची हनुवटी फुटली. आबांनी हळद दाबली, रुमाल बांधला, तिला उचलून डॉक्टरांकडे नेलं, टाके घालून आणले, आणि मला काही कळूच दिलं नाही. मी दुपारी जेवायला बाहेर आले तर राधा पट्टी बांधून बसलेली.

"मला हाक का मारली नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"ड्यूटीत हाक मारायची न्हाय, असं ठरलंय की."

"कुणी ठरवलं, आबा? मी तिची आई आहे!"

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मीही समजूत घालायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवून ते तिथंच उभे राहिले. "चुकलं पोरी. बॉयलरला सुदिक सेफ्टी व्हॉल्व्ह असतोय. मी तो ठिवलाच न्हाय." त्यानंतर नियम बदलला. राधाचं खरंच काही असेल तर दार न वाजवता सरळ आत यायचं, पडद्यावर कोणी का असेना. पुढे एकदा तिला ताप भरला तेव्हा ते तिला कडेवर घेऊन थेट मीटिंगमध्ये शिरले आणि मॅनेजरबाईंना म्हणाले, "बाई, हिला आता सोडा." बाईंनी सोडलं.

भोंगा वाजला, लॅपटॉप मिटला, तरी माझं डोकं कामातच असायचं. भाजी चिरताना मी मनात चुका शोधत असायचे. राधा काही विचारायची आणि मी "हं" म्हणायचे. आबांनी ते हेरलं. "तू कामावरनं घरी येतच न्हाईस," ते म्हणाले. "मी कारखान्यातनं सायकलनं यायचो. निम्म्या वाटंवर कारखाना मागं ऱ्हायचा. तुला वाटच न्हाय." मग त्यांनी माझ्या हातात दुधाची किटली दिली आणि मला घराबाहेर काढलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचं, दूध घ्यायचं, आणि पुढच्या फाटकातून घरी यायचं.

पहिल्या दिवशी मला वेड्यासारखं वाटलं. गल्लीतली माणसं बघत होती, म्हशी सावकाश रस्ता अडवून चालल्या होत्या. फाटकाशी आले तर आबा दारात उभे. "आलीस? हात-पाय धू. चहा टाकलाय." आणि शाळेतून आल्यापासून मला घरातच बघत असलेली राधा "आई आली!" म्हणून धावत आली आणि कमरेला बिलगली. किटली खाली ठेवून मी तिला उचललं. तेव्हा मला खरोखरच बाहेरून आल्यासारखं वाटलं. पुढे या फेरीची मी दिवसभर वाट बघायला लागले.

मग एके दिवशी माझ्या नणंदेचा, सुजाताचा, फोन आला. ती वारणानगरला दिलेली. बाळंतपणाची रजा संपून तिचं कंपनीचं हिशेबाचं काम घरून सुरू झालं होतं. बाळ लहान, सासू अंथरुणाला खिळलेल्या, नवरा दिवसभर नोकरीवर. "वहिनी, मला न्हाय जमत. सोडून देते," असं म्हणून ती रडायला लागली. फोन स्पीकरवर होता. आबा पोळपाट धुवायचे थांबले.

"मी जातो," ते म्हणाले.

संदीप दचकला. त्याला कारण होतं. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, ही रीत आबांनी तिच्या लग्नापासून कडक पाळली होती. ते सुजाताकडे केळी घेऊन जायचे, खुर्चीच्या कडेवर टेकायचे, पाणी प्यायचे आणि एसटीने परत यायचे. ती पुरणपोळ्या करून झाकून ठेवायची. त्या तशाच राहायच्या. याच्यावरून ती माहेरी येऊन किती वेळा रुसली होती.

"आबा, लेकीच्या घरी जाऊन राहणार? भावकी काय म्हणंल? आणि जेवणार काय?" संदीप म्हणाला.

"माझ्या आईनं सांगितलं म्हणून पाळलं आजवर," आबा शांतपणे म्हणाले. "पण माझी पोरगी तिथं रडतीया. रीत तिचं डोळं पुसायला येत न्हाय."

"आणि इथलं?"

"तू हाईस की."

संदीपने कंपनीत सांगून दुपारची ड्यूटी मागून घेतली, म्हणजे सकाळचं घर त्याला बघता येणार होतं. निघण्याआधी आबांनी त्याला रोज सकाळी गॅसपाशी उभं केलं. "मला चहासुद्धा येत नाही," तो म्हणाला. "मला तरी कुठं येत हुता?" आबा म्हणाले. स्टँडवर एसटीत बसताना राधाच्या हनुवटीवरच्या खुणेवरून बोट फिरवून ते फक्त एवढंच म्हणाले, "आईला हाक मारायची, बरं का."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वारणानगरला गेलो. आबांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत सुजाता कामाच्या फोनवर बोलत होती, बाळ झोळीत होतं. आम्हाला बसवून ते अंथरुणावरच्या विहीणबाईंना पुन्हा लिंबू-पाणी चमच्याने पाजायला लागले. बारीक झाले होते, पण चेहरा ताजा होता. थोड्या वेळाने सुजाता बाहेर आली. तिने आम्हाला पाट मांडले, मग आबांचं ताट घेतलं. इतके महिने घरात स्वयंपाक आबांच्याच हातचा होता; त्या दिवशी मात्र आम्ही येणार म्हणून तिने पहाटे उठून पुरणपोळी केली होती. ती तिने त्यांच्या ताटात वाढली. आबांनी वरून तूप घालून घेतलं. ते मान खाली घालून सावकाश जेवले. उरलेला तुकडा त्यांनी दुधात कुस्करून खाल्ला आणि ताट बोटाने पुसून घेतलं.

सुजाता त्या रिकाम्या ताटाकडे बघत उभीच होती.

आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "वाढ की अजून एक."