मापाचं प्रवचन

श्रीरामपुरात आमच्या चर्चमागच्या गल्लीत एका टेलरकाकांचं शिलाईचं दुकान आहे. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ते पहिल्या बाकावर बसतात, फादरांचं प्रवचन मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि ज्यांना चर्चला येणं होत नाही त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. बोलणं मोजकंच. काही विचारलं तर आधी ओठांतली टाचणी काढणार, मग उत्तर देणार.

माझा पाय प्लास्टरमध्ये गेला तशी मलाही प्रवचनं येऊ लागली. मिस्साहून आल्यावर बायको सांगायची, "आज फादरांनी घरी बसणाऱ्यांना लई झापलं." माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तसलं काहीच नसायचं. शेवटी मी टेलरकाकांना फोन करून विचारलं. टाचणी निघेपर्यंत थोडा वेळ गेला.

"तेवढं मी कापतो," ते म्हणाले. "खाटंवर पडलेल्या मानसानं ते कशापायी ऐकायचं?"

पुढं प्लास्टर निघालं. एका शनिवारी मी त्यांच्या दुकानावरून चालत बाजारात गेलो. त्यांनी मशीनवरून मान वर करून माझ्या पायाकडं पाहिलं. आणि पुन्हा मशीन चालवू लागले.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं घरीच लोळत पडलो. दुपारी प्रवचन आलं. नेहमीपेक्षा सहा मिनिटं मोठं होतं.