लिस्बन ते म्युनिक, तीन तास

लिस्बनहून म्युनिकला विमानाने तीन तास लागतात, हे मी गेल्या वर्षी फोनवर शोधलं. रविवारी चर्चमधल्या मिसाहून घरी आलो होतो. चहा घेता घेता दोन्ही शहरांची नावं टाकली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आतच. आमच्या गावाहून, गिरीजहून, नवी मुंबईला बहिणीकडे जायला मला तेवढाच वेळ लागतो, आणि मी दर महिन्याला जातो.

मुलगी लिस्बनला नर्स आहे, मुलगा म्युनिकला गाड्यांच्या कारखान्यात. बायको गेली तेव्हा मुलगी दुसऱ्या दिवशी पोहोचली. मुलाचं तिथलं राहण्याचं कार्ड नूतनीकरणात अडकलेलं. निघाला असता तर परत शिरता आलं नसतं. आईची माती त्याने फोनवर पाहिली. त्या संध्याकाळी मुलगी त्याला म्हणाली, "आईपेक्षा तुला नोकरी मोठी." तेव्हापासून तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद. माझ्याशी दोघंही बोलायची, पण वेगवेगळी. तिची खुशाली मी त्याला सांगायचो, त्याची तिला.

त्या रविवारी मी तिला फोन लावला.

"बाय, तुझ्याकडून भावाकडे तीनच तास लागतात."

"माहीत आहे, पप्पा."

"मग जाऊन ये ना."

"कशाला? आईसाठी तो आला?"

तेव्हा मी इतके दिवस गिळून ठेवलेलं बोललो. "आईनेच त्याला येऊ नको म्हटलं होतं. शेवटच्या आठवड्यात. कार्ड हातात येऊ दे, घाई करू नको, म्हणाली. मी तिच्या उशाशीच बसलो होतो."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

मातीच्या दिवशी ती इतकी रडत होती की माझा धीर झाला नाही. पुढे जितका उशीर होत गेला, तितकं सांगणं अवघड झालं. तिने फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे माझे फोनही उचलले नाहीत. आता तीही गेली, असं वाटून मी वाडीत नुसता केळींना पाणी देत उभा राहायचो.

नाताळाआधीच्या रविवारी दुपारी दोन वाजता व्हिडिओ कॉल आला. फोनवर मुलाचं स्वयंपाकघर होतं आणि ओट्याशी मुलगी कोंबडीला मसाला चोळत होती. मुलाचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. आपल्याला हे कुणी सांगितलं कसं नाही, असं मनात आलं. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोघं आपसात बोलू लागली, घरच्या बोलीत. आई आंबट शिरका आधी घालायची की शेवटी, यावर वाद चालला होता. मला ठाऊक होतं. मी मध्ये बोललो नाही, ऐकत राहिलो.

बऱ्याच वेळाने मुलाने वळून विचारलं, "पप्पा, जेवलात का?"

जेवलो नव्हतो. पण हो म्हटलं, नाहीतर त्यांनी मला जेवायला पाठवून फोन ठेवला असता.