दीडफुटी व्याही

शिंप्याला दोनच नाद होते: कापड आणि इंग्रजी शब्द. शब्दही साधे नकोत, चांगले ताग्यासारखे उलगडत जाणारे हवेत! त्यात नशीब असं बलवत्तर, की लेकीला सासराही तसाच मिळाला. व्याही औषधांच्या दुकानात कामाला. रोगांची लांबलचक नावं त्यांना पाठ. दर सुट्टीला दोघं चहाला बसले, की एकानं शब्द टाकायचा, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा.

एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना व्याह्यांनी टाकला, "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन!"

"एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं," शिंपी म्हणाला. आणि मग कौतुकाच्या भरात बोलून गेला, "व्याहीबुवा म्हणजे पक्के सेस्क्विपिडेलियन!"

"म्हणजे?"

"म्हणजे दीडफुटी!"

आता व्याही होते बेताच्याच उंचीचे. दुकानात वरच्या फळीवरची बाटली काढायला त्यांना स्टूल लागे. पाहुण्यांत जो हशा उसळला, त्यात शिंप्याचं पुढचं वाक्य वाहून गेलं. व्याह्यांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि चालू लागले.

"जिभेला काही हाड?" बायको म्हणाली. "लेक दिलीये त्या घरात!"

पुढच्या सुट्टीला व्याही आले नाहीत. लेक तेवढी आली, कोमेजलेली. "बाबा, मामंजी माझ्याशीसुद्धा हो-नाहीपुरतंच बोलतात. पंगतीबाहेर बसवल्यासारखं वाटतं मला त्या घरात." मग पिशवीतून तिनं सासऱ्यांची नवी पँट काढली. "ही मात्र लांबीला कमी करायला दिलीये."

शिंप्याला हायसं वाटलं. माणूस रुसला होता, पण शिंपी बदलला नव्हता!

पँट जुन्या वळणाची, ढगळ. त्यानं पायाची जास्तीची पट्टी कापली, शिवण उसवून ती टेबलावर सरळ केली, टेप लावला. मोहरीचा, म्हणजे पायाच्या तोंडाचा, घेर बरोब्बर दीड फूट. शिंपी पट्टीकडे बघतच राहिला. मग खडू घेऊन त्यानं तोच नडलेला शब्द इंग्रजी अक्षरांत काढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पँट आणि पट्टी घेऊन तो स्वतःच औषधांच्या दुकानात गेला.

"हे काय?" व्याह्यांनी पट्टीकडे पाहून विचारलं.

"दीड फूट. तुम्ही नव्हे हो, शब्द! जुने लॅटिनवाले लांब शब्दांना दीडफुटी म्हणायचे. असे शब्द सहज बोलणारा तो सेस्क्विपिडेलियन. मी शाबासकी देत होतो, पण हशात तिचा पार भुगा झाला. चुकलंच माझं. अर्थ आधी सांगायला हवा होता."

व्याह्यांनी पट्टी बोटानं चाचपली. मग ते स्टुलावर चढले, एक बाटली उगीचच इकडची तिकडे केली आणि तिथूनच विचारलं, "लांब शब्दांची भीती वाटते, त्या रोगाचं नाव?"

"नाही येत. हरलो."

"सोप्पं आहे! हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्वि..." व्याही थबकले. पुन्हा पट्टीकडे पाहिलं. "अहो, हा तर इथंही मधोमध बसलाय!"

शिंप्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. एकदा पोळलेली जीभ ती.

"बसणारच," व्याही स्टुलावरून उतरत म्हणाले. "दीडफुट्याला जागा ती कितीशी लागते!"

व्याही आधी हसले. मगच शिंपी हसला.