भोंडल्याची पाळी

शाळेतून आलेली जुई व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवी होते. काचांना आईच्या जुन्या साडीचे पडदे, त्यातून दुपारचं ऊन झिरपतंय. बाबा गेले, भाड्याची खोली सुटली, तेव्हापासून आई कामाला जाते त्या पोळीभाजी केंद्रामागं बंद पडून असलेली त्यांची ही शाळेची व्हॅनच मायलेकींचं घर. शाळेत मात्र कुणाला थांगपत्ता नाही. मैत्रिणींना हिनं कोपऱ्यावरच्या इमारतीतली गुलाबी बाल्कनी 'आमची' म्हणून दाखवलीय. थाप मारायची तर निदान तळमजल्याची तरी मारावी! आणि उद्या भोंडल्याची पाळी जुईची. सगळ्याजणी तिच्या घरी येणार.

डोळा लागतो न लागतो तोच व्हॅन सुरू होते. स्टिअरिंगवर बाबा.

"बाबा, तुम्ही तर..."

"गेलोय गं. म्हणून काय पोरांना शाळेत सोडायचं नाही?"

व्हॅन वळते ती थेट जुन्या खोलीतल्या ओट्यापाशी. बाबा गियर टाकतात, फळीवरचे डबे किणकिणतात. जमिनीवर पाट, पाटावर खडूचा हत्ती. जुईला याचं काहीच नवल वाटत नाही. बाबांच्या शर्टाला तोच पेट्रोलचा वास येतोय, एवढ्यानंच तिला रडू येतं.

"उद्या सगळ्यांना कुठं नेऊ?"

"फेर कधी घरात धरतात का, वेडे? अंगणातच धरतात."

"हसतील त्या."

"हसतील थोड्या. मग खिरापत ओळखायच्या नादाला लागतील." बाबा मूठ पुढं करतात. "चल, ओळख."

"लाडू? वडी?"

"अंहं. हरलीस?"

"हरले."

बाबा तिच्या हातात काहीतरी ठेवतात आणि तिची बोटं मिटवतात. "पण आधी आईला सांग."

"जुई, ऊठ. दिवेलागण झाली." काचेवर आईची टकटक.

जुई मूठ उघडते. घामेजल्या तळव्याला एक कुरमुरा चिकटलाय. बाबा व्हॅनमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी कुरमुऱ्यांचा डबा ठेवायचे. सीटच्या फटीतला असेल, म्हणा.

"आई, उद्या भोंडला आपल्याकडे."

आईचा हात दारावरच थबकतो. "कुठं गं?"

"इथंच. व्हॅनसमोर."

आई वाकून सीटखालचा पाट ओढते, पदरानं पुसते.

"आणि खिरापत काय करायची?"

जुई मूठ पुन्हा मिटते आणि आईपुढं धरते. "ओळख."